पाच डॉलरचं तिकीट, हातानं दुमडलेलं कव्हर : डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ऐकायला लागताना

आधी एक व्यावहारिक गोष्ट. गूगलवर नुसतं 'डिस्कॉर्ड' शोधलंत तर गेम खेळणाऱ्यांचं गप्पांचं अ‍ॅप समोर येईल. आपल्याला हवंय ते डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स. त्याच्या स्पेलिंगमध्ये सी आणि ओ यांच्यामध्ये एक एच आहे. त्या एका अक्षरामुळे नावात विसंवादही राहिला आणि कॉर्ड, म्हणजे सुरांचा मेळही आला. वॉशिंग्टन डीसीमधल्या, विशीही न गाठलेल्या पोरांनी १९८० मध्ये हे लेबल काढलं. स्वतःचा मोडलेला बँड निदान एका तबकडीवर उरावा, एवढाच हेतू होता. लेबल आजही चालू आहे.

'लेबल ऐकायचं' ही कल्पना आपल्याकडे नवखी वाटते. आपण गायक ऐकतो, संगीतकार ऐकतो. कंपनी म्हणजे तबकडीवरचा शिक्का. पण मुंबईत एके काळी 'शब्द', 'असो', 'वाचा' अशी अनियतकालिकं निघत होती, ती आठवून पाहा. लिहिणारे, छापणारे, गठ्ठे वाहणारे आणि वाचणारे बऱ्याचदा तेच ते. त्यातली कविता सुटी वाचली तर कवी कळतो. अंक हातात घेतला की कोण कोणाबरोबर उठत-बसत होतं, कशावर चिडत होतं आणि खिशात किती कमी पैसे होते, तेही कळतं. डिस्कॉर्ड तसं ऐकायचं असतं. सगळी गाणी एका गावाची आहेत आणि त्या गावातली माणसं पुन्हा पुन्हा भेटत राहतात.

थोडंफार इंग्रजी रॉक ऐकलेल्या, पण पंकच्या, म्हणजे कच्च्या, वेगवान, बंडखोर रॉकच्या वाटेला न गेलेल्या माणसासाठी मी हे लिहितेय. महिनाभर पुरेल एवढा शिधा आहे. घाई करू नका.

पहिली पायरी : सुरुवात मधूनच करा

बरेच जाणकार सांगतात की पहिल्या तबकडीपासून क्रमानं ऐका. मला ते पटत नाही. १९८१ची गाणी इतकी वेगवान आहेत की नव्या कानाला त्यात नुसता गोंगाट ऐकू येतो आणि माणूस कायमचा पाठ फिरवतो. सुरुवात फुगाझीच्या 'थर्टीन साँग्ज'पासून करा. दोन छोट्या रेकॉर्ड एकत्र करून १९८९ मध्ये हा अल्बम निघाला. बँडमध्ये चौघं: इयन मकाय (लेबल काढणाऱ्या पोरांपैकी एक), गी पिचोटो, जो लॅली आणि ब्रेंडन कँटी. मकाय आणि पिचोटो दोघंही गातात, पण या तेरा गाण्यांत गिटार एकटा मकाय वाजवतो. पिचोटोनं गिटार हातात घेतली ती नंतर.

हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही आणि इथं बेस हाच कणा आहे. पहिलं गाणं 'वेटिंग रूम'. लॅलीचा बेस एकटाच चालायला लागतो, चार पावलं टाकून वळावं तसा. मग ड्रम्स येतात, गिटार येते, अंग हलायला लागतं आणि सगळं एकदम थांबतं. काही सेकंद पूर्ण शांतता. पहिल्यांदा मला वाटलं, फाइल बिघडलीय. भजनात मृदंग क्षणभर थांबतो आणि सगळे टाळकरी श्वास धरतात, तशी ती जागा आहे. कोणीही चुकत नाही आणि पुढच्या ठोक्याला सगळे एकदम उचलतात. ही जागा तीन-चार वेळा ऐका. या लेबलची पुष्कळशी चांगली गाणी अशी थांबायला शिकलेली आहेत.

हा डुलता ठेका कुठून आला, तेही कानाला विचारा. त्यात रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत आहे. आणि डीसीचं स्वतःचं गो-गो आहे. गो-गो म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधलं नाचाचं संगीत, ज्यात कोंगांचा ठेका तासन्‌तास तुटत नाही. ही पंक पोरं ते ऐकतच वाढली. मायनर थ्रेट या मकायच्या फुगाझीआधीच्या गाजलेल्या बँडचा शेवटचा कार्यक्रम सप्टेंबर १९८३ मध्ये झाला, तेव्हा त्याच मंचावर ट्रबल फंक हा गो-गो बँडही होता.

'थर्टीन साँग्ज' आठवडाभर ऐकून झाला की त्याच बँडचा 'रिपीटर' (१९९०) घ्या. बाकीचे अल्बम राहू द्या.

दुसरी पायरी : आता मागे जा, पण शब्द समोर ठेवून

मायनर थ्रेटचं एकूण काम एका सीडीत मावतं: २६ गाणी, सुमारे ४७ मिनिटं. ही सीडी एका दमात ऐकू नका. चार गाणी निवडा. आधी त्यांचे शब्द नेटवर शोधून कवितेसारखे वाचा, मग गाणं लावा. शब्द माहीत असले की वेग आडवा येत नाही.

निवडीत 'स्ट्रेट एज' असू द्या. जेमतेम पाऊण मिनिटाचं गाणं. मला दारू नको, नशा नको, माझं डोकं ठिकाणावर असलेलं बरं, एवढंच मकाय त्यात ओरडून सांगतो. रॉक संगीतात तेव्हा नशेला प्रतिष्ठा होती आणि हा एकोणीस वर्षांचा मुलगा तिच्या विरोधात उभा राहिला. पुढे जगभरच्या मुलांनी त्या नावाची चळवळ उभी केली. मकायनं मात्र ते आपल्यापुरतं लिहिलं होतं. चळवळीचा पुढारी होणं त्यानं नाकारलं.

रेकॉर्डच्या कव्हरांवर, फोटोंतल्या हातांवर फुली दिसेल. तिची गोष्टही माहीत असावी. १९८० च्या उन्हाळ्यात टीन आयडल्स हा त्यांचा आधीचा बँड कॅलिफोर्नियाला गेला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स या क्लबमध्ये ही पोरं दारू पिण्याच्या वयाची नव्हती, म्हणून त्यांच्या हातावर मोठी फुली काढून त्यांना आत सोडलं: फुली दिसली की बारवाल्यानं दारू द्यायची नाही. पोरांनी घरी येऊन डीसीच्या 'नाइन थर्टी क्लब'ला तीच युक्ती सुचवली. आम्हाला आत येऊ द्या, आम्ही पिणार नाही, हातावर खूण करा. त्यांना संगीत ऐकायचं होतं आणि वयामुळे दार बंद होतं, म्हणून ही फुली. पुढे तीच अभिमानाची खूण झाली.

एका गाण्याबद्दल आधीच सांगून ठेवते. 'गिल्टी ऑफ बीइंग व्हाइट' हे नाव वाचून तुम्ही थबकाल. मकायच्या शाळेत बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय होती. गोरा म्हणून त्याला जो त्रास झाला त्या रागातून ते आलंय, आणि ते वंशवादाच्या विरोधातलं आहे असं त्यानं वारंवार सांगितलंय. तरी गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी ते आपलं म्हणून उचललंच. मला ते गाणं तोकडं वाटतं. त्या वयात स्वतःच्या जखमेपलीकडचा इतिहास दिसत नाही, आणि इथं तो दिसलेला नाही. पण ते वगळून पुढे जाऊ नका. ऐका आणि स्वतःचं मत बनवा.

तिसरी पायरी : एक कव्हर स्वतः दुमडून पाहा

ही पायरी कोणी सांगत नाही, पण मला लेबल खऱ्या अर्थानं कळलं ते इथं.

टीन आयडल्सनं जेमतेम वर्षभर कार्यक्रम केले. मिळालेले पैसे वाटून न घेता एकत्र ठेवले. बँड मोडला तेव्हा त्यात सहाशेच्या आसपास डॉलर होते. चौघांनी ते वाटून घ्यायचे, की रेकॉर्ड काढायची? आर्लिंग्टनला डॉन झिएंटारा नावाच्या माणसाच्या घरात 'इनर इअर' स्टुडिओ होता, तिथं केलेलं ध्वनिमुद्रण हाताशी होतं. रॉकव्हिलला 'यस्टरडे अँड टुडे' हे रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या स्किप ग्रॉफला तबकडी कशी छापून घ्यायची ते माहीत होतं. (व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्या मराठी मंडळींना ही गावं रोजच्या येण्या-जाण्यातली.) मकाय आणि ड्रमर जेफ नेल्सन पुढे झाले. आठ गाण्यांची सात इंची तबकडी, हजार प्रती.

तबकड्या आल्या, पण कव्हरं छापून आणि चिकटवून घ्यायला पैसे नव्हते. मग पोरांनी एका इंग्लिश सिंगलचं कव्हर उसवलं, सपाट करून त्याचा आकार कागदावर उतरवून घेतला, मोठ्या कागदावर साधी छपाई करून घेतली आणि मित्रमंडळी जमवून कात्रीनं कापत, दुमडत, चिकटवत बसली. पुढच्या कित्येक रेकॉर्डची कव्हरं अशीच घरी तयार झाली.

आता तुम्ही करा. एक ए-थ्री कागद घ्या, आडवा ठेवा. १८ सेंटीमीटरचे दोन चौकोन शेजारी शेजारी आखा. एका चौकोनाच्या वरच्या आणि खालच्या कडेला दीड सेंटीमीटरची पट्टी सोडा. पट्ट्यांचे कोपरे तिरके कापा, नाहीतर तिथं जाडी येते. पट्ट्या आत दुमडा, गोंद लावा, दुसरा चौकोन त्यावर पाडा आणि बाहेरची कड चिकटवायची नाही हे विसरू नका, ती तबकडी आत घालायची जागा. मी जेवणाच्या टेबलावर बसून केलं. आई भाजी निवडता निवडता बघत होती. म्हणाली, "गोंद पातळ लाव गं, कागद सुरकुततोय." ती म्हणत होती ते खरं होतं, पहिल्या कव्हराला लाटा आल्या. दुसरं नीट जमलं. त्याला सात मिनिटं लागली. सातला हजारानं गुणलं तेव्हा ११६ तासांच्या वर आकडा गेला.

त्यानंतर ती आठ गाणी लावा. वाजवणं कच्चं आहे, आवाज पत्र्यासारखा आहे. पण हातात ते कव्हर धरून ऐकताना, एवढे तास बसून ही गाणी कोणापर्यंत तरी पोचवावीत असं ज्यांना वाटलं, त्यांचं वय आणि त्यांची निकड तुमच्या बोटांना कळलेली असते.

चौथी पायरी : माणसांची वही ठेवा

लग्नघरात आपण विचारतो, "हे कोणाकडचे?" तसं इथं विचारत राहायचं. एक वही घ्या आणि प्रत्येक रेकॉर्डवरची नावं लिहा. रेघा आपोआप जुळायला लागतात.

एक धागा सोडवून दाखवते. मायकल हॅम्प्टन हा गिटारवाला. आधी एसओए या बँडमध्ये. तिथं गायक हेन्री गारफिल्ड, जो पुढे हेन्री रोलिन्स नावानं ब्लॅक फ्लॅग या बँडमध्ये गेला आणि प्रसिद्ध झाला. एसओएनंतर हॅम्प्टन फेथमध्ये. तिथं गायक अ‍ॅलेक मकाय, म्हणजे इयनचा धाकटा भाऊ. फेथ मोडल्यावर त्यातले तिघं खुद्द इयनबरोबर एम्ब्रेसमध्ये. आणि एम्ब्रेस संपल्यावर हॅम्प्टन वन लास्ट विशमध्ये, तिथं त्याच्याबरोबर पिचोटो आणि कँटी, म्हणजे अर्धा फुगाझी. पाच-सहा वर्षांत एका माणसाच्या मागे चालत आपण सगळा गाव फिरलो. डेव्ह ग्रोलही निर्वानाच्या आधी याच गावातल्या स्क्रीममध्ये ड्रम्स बडवत होता.

या वहीत १९८५ साठी वेगळं पान ठेवा. तोवर कार्यक्रमांत मारामाऱ्या वाढल्या होत्या. पहिली पिढी कंटाळून बाजूला झाली होती. मग याच मंडळींनी ठरवलं की त्या उन्हाळ्यात नवे बँड काढायचे, वेगळं वाजवायचं, वेगळं वागायचं. त्याला 'रेव्होल्यूशन समर' म्हणतात. त्याच वर्षी पॉझिटिव्ह फोर्स हा कार्यकर्त्यांचा गट उभा राहिला आणि पोरं वर्णभेदाविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर ड्रम्स बडवायला गेली. त्या उन्हाळ्याचं गाणं ऐकायचं असेल तर राइट्स ऑफ स्प्रिंगचा अल्बम. पिचोटो तिथं रडवेला होईतो गातो. राग आहेच, पण आता तो स्वतःच्या आत वळलाय. 'इमो' (म्हणजे 'इमोशनल', भावनांनी भरलेलं) हे नाव लोकांनी याच संगीतावरून पाडलं. बँडवाल्यांना ते कधी आवडलं नाही. माझ्या मते लेबलचा सर्वांत सुंदर अल्बम हाच.

मग हवं तसं भटका. स्लँट सिक्स या तिघी जणींचा 'सोडा पॉप रिप ऑफ' (१९९४) कोरडा, चटपटीत आणि एकदम ताजा आहे. नेशन ऑफ युलिसिस जाहीरनामे छापायचे आणि ट्रंपेट वाजवायचे. जॉबॉक्समध्ये गिटारींचे कोन आहेत. लंगफिश बाल्टिमोरचे, म्हणजे जवळचे पण बाहेरचे. एकच धून गाणंभर घोळवत नेतात, जप चालावा तशी. २००० नंतरचं हवं असेल तर क्यू अँड नॉट यू आणि दोन ड्रमर असलेला ब्लॅक आइज. सगळं आवडायलाच हवं असं नाही. मला स्वतःला सुरुवातीच्या सात इंची तबकड्यांमधल्या निम्म्या पुन्हा लावाव्याशा वाटत नाहीत. घाऊक चव घ्यायची असेल तर १९८२ चा 'फ्लेक्स युअर हेड' आहे: अकरा बँड, ३२ गाणी.

पाचवी पायरी : व्यवहार समजून घ्या, तोही संगीताचाच भाग आहे

डिस्कॉर्डनं जवळजवळ फक्त डीसी परिसरातल्याच बँडांच्या रेकॉर्ड काढल्या. बँडशी लेखी करार नाही. खर्च वजा झाला की उरलेला नफा बँड आणि लेबल वाटून घेणार. बँडला सोडून जायचं असेल तर दार उघडं. जॉबॉक्स नव्वदच्या दशकात अटलांटिक या बड्या कंपनीकडे गेला. तिथं निघालेला त्यांचा अल्बम २००९ मध्ये पुन्हा काढला तो त्यांच्याच डिसोटो लेबलनं, डिस्कॉर्डच्या सोबतीनं. नाती तुटली नव्हती, हे यावरून कळतं.

पैसा कमी असूनही हे टिकलं याचं एक कारण लंडनमध्ये आहे. तिथल्या सदर्न स्टुडिओजच्या जॉन लोडरनं तबकड्या छापण्याचा आणि वितरणाचा भार उचलला. नाहीतर एका रेकॉर्डचे पैसे वसूल होईपर्यंत दुसरी काढता येत नव्हती.

अनेक रेकॉर्डांच्या पाठीवर पोस्टेजसकट किंमत छापलेली असे, म्हणजे दुकानदारानं जास्त लावली तर गिऱ्हाइकाला कळावं. फुगाझीचं तिकीट साधारण पाच डॉलर, आणि कार्यक्रम सर्व वयांसाठी खुला. बँडनं टी-शर्ट विकले नाहीत. प्रेक्षकांत कोणी धक्काबुक्की करायला लागला तर गाणं थांबवून मकाय त्याला समज देई. तरी ऐकलं नाही तर बाहेर काढून त्याचे पाच डॉलर त्याला परत. आम्हाला तुझे पैसे नकोत, पण बाकीच्यांना त्रास देता येणार नाही, असा सरळ हिशेब.

सहावी पायरी : विकत घ्या

लेबलचं संगीत बँडकॅम्पवर आहे. गाणी पूर्ण ऐकता येतात आणि डाउनलोड विकत घेता येतं. स्ट्रीमिंगवर चाचपून बघायला हरकत नाही, पण दोन अल्बम मनात बसले की त्यांचे पैसे द्या. तबकडी परदेशातून मागवायची तर पोस्टेज आणि कस्टम्स मिळून मूळ किमतीच्या वर जाऊ शकतं, हे आधी तपासा. चार-पाच मित्रांनी मिळून एकच पार्सल मागवणं परवडतं. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत सात इंची तबकडी सहज मावते. बारा इंचीला मात्र दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा लावायला सांगा आणि ती चेक-इन बॅगेत टाकू नका म्हणून बजावा.

डीसीला जाणार असाल, किंवा तिकडेच राहत असाल, तर मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर स्मारक ग्रंथालयात चौकशी करा. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयानं २०१४ मध्ये डीसी पंकचा संग्रह सुरू केला. 'इनर इअर'ची वास्तू मात्र आता पाहायला मिळणार नाही. घरातून हलून पुढे जिथं स्टुडिओ थाटला होता, ती जागा २०२१ मध्ये बंद झाली.

सातवी पायरी : एक तारीख निवडा

हे शेवटी ठेवलंय, कारण इथं शिरलात की बाहेर यायला वेळ लागतो. फुगाझीनं १९८७ ते २००२ या काळात हजाराहून जास्त कार्यक्रम केले आणि त्यातले आठशेहून जास्त त्यांच्या ध्वनी-तंत्रज्ञांनी ध्वनिमुद्रित करून ठेवले. २०११ मध्ये डिस्कॉर्डनं ते 'फुगाझी लाइव्ह सिरीज' म्हणून खुले करायला सुरुवात केली. सुचवलेली किंमत पुन्हा पाच डॉलर; एक ते शंभरपर्यंत जे जमेल ते द्यायची मुभा. काही टेप चकाचक आहेत, काहींत नुसता कल्लोळ. गाण्यांची यादी आधी ठरलेली नसे. एकाच्या गिटारीनं खूण केली की बाकीचे ते गाणं ओळखून शिरत. गाण्यांच्या मधलं बोलणं गाळू नका, मकाय तिथं प्रेक्षकांशी वाद घालतो, समजावतो, कधी मनापासून हसतो.

तुमच्या वाढदिवसाची तारीख मिळते का बघा. मी तशीच सुरुवात केली. नाहीतर ३ सप्टेंबर १९८७ घ्या, वॉशिंग्टनचं विल्सन सेंटर, बँडचा पहिलाच कार्यक्रम. पिचोटो तेव्हा बँडमध्ये आलेला नव्हता. 'थर्टीन साँग्ज' आता तुमच्या कानात बसलाय, त्यामुळे पिचोटो जिथं आवाज मिसळतो त्या जागा तुम्हाला पाठ आहेत. त्या जागा इथं रिकाम्या ऐकू येतील.